रुग्णालयातील प्रतिजैविकांचा अतिवापर कमी करण्यासाठी सुरुवात कुठून करावी?

आपण विचारले आहे की, खानदेशातील एका ५० खाटांच्या खासगी रुग्णालयात आपण नुकतेच रुजू झाला आहात, तेथे दाखल होणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला प्रतिजैविक सुरू होते, तर वरिष्ठ डॉक्टरांचा मान राखून हे कसे बदलावे. मी जळगाव जिल्ह्यातील एका रुग्णालयाची सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा सांभाळते. माझा सल्ला असा की, औषध सुरू करण्यावर निर्बंध आणण्याच्या मागे आधी लागू नका. ते थांबवण्याचा निर्णय कोणी आणि केव्हा घ्यायचा, एवढे ठरवून घ्या.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावरून रात्री दोन वाजता ग्लानी आलेला, रक्तदाब खालावलेला रुग्ण येतो, तेव्हा तासाभराच्या आत त्याला प्रभावी प्रतिजैविक देणारा डॉक्टर योग्यच करत असतो. पहिल्या डोसाआधी रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घेतले गेले का, एवढेच तेथे पाहावे. चूक होते ती तिसऱ्या दिवशी. तोवर अहवाल आलेला असतो, ताप उतरलेला असतो, पण फाइलीत ‘सीएसटी’, म्हणजे आहे तोच उपचार पुढे चालू, ही तीन अक्षरे पडतात आणि औषध डिस्चार्जपर्यंत चालू राहते. आमच्याकडे रावेरकडच्या एका वृद्ध केळी उत्पादकाला मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी मेरोपेनेम हे शिरेतून द्यायचे प्रबळ प्रतिजैविक दिले होते. कल्चरमधील जंतू साध्या, तोंडाने घ्यायच्या औषधालाही दाद देत होता, तरी मेरोपेनेम दहा दिवस चालले, कारण माझा अहवाल कागदावर गेला आणि फाइलीत मागच्या बाजूला लागला. त्यात माझाही दोष होता. तेव्हापासून असा अहवाल आला की मी स्वतः वॉर्डात फोन करते.

उपचारपत्रकावर प्रत्येक प्रतिजैविकासमोर दोन रकाने वाढवून घ्या: औषध कशासाठी, आणि पुनर्विचार कोणत्या तारखेला. ही तारीख ४८ ते ७२ तासांनंतरची असावी आणि त्या दिवशी राउंडमध्ये वॉर्डच्या सिस्टरने ‘सर, हे चालू ठेवायचे की बंद करायचे?’ असे विचारावे. प्रश्न कागद विचारतो, कनिष्ठ डॉक्टर नव्हे. त्यामुळे कोणाचा अवमान होत नाही. शिवाय, प्रतिजैविक लिहिताना त्याचे कारण नोंदवावे, असे आवाहन केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना केले होते. ही आपल्या एकट्याची कल्पना नाही, हे वरिष्ठांना दाखवता येईल.

सर्वांत जास्त औषध वाया जाते ते शस्त्रक्रियेनंतर. हर्निया किंवा सिझेरियनसाठी छेद देण्यापूर्वीच्या तासाभरात सेफाझोलिनचा एक डोस बहुतेक वेळा पुरतो, आणि टाके घातल्यावर प्रतिबंधक प्रतिजैविक चालू ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. तरीही पाच दिवस सेफ्ट्रिॲक्सोन आणि घरी जाताना पुन्हा गोळ्या, ही रीत आपल्या भागात सर्रास दिसते. यामागे निष्काळजीपणा नाही, भीती आहे: जखम चिघळली तर नातेवाईक सर्जनलाच जाब विचारतील, आणि ऑटोक्लेव्हवर, म्हणजे उपकरणे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावर, त्याचा स्वतःचाच पूर्ण विश्वास नसतो. म्हणून आधी ऑटोक्लेव्हची नियमित तपासणी, हात धुण्याची शिस्त आणि डिस्चार्जनंतर ३० दिवसांपर्यंत जखमांची नोंद हे सुरू करा. स्वतःच्याच रुग्णांचे आकडे समोर आल्यावर सर्जन एका डोसावर यायला तयार होतो. व्याख्यानाने तो तयार झालेला मी पाहिलेला नाही.

एक सुधारणा विनावाद होते. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेम चालू असताना अनेकदा सवयीने मेट्रोनिडाझोलही जोडले जाते. आधीची दोन्ही औषधे ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंवरही चालत असल्याने काही मोजके अपवाद सोडले तर मेट्रोनिडाझोलची गरज नसते. तसेच कोलिस्टिन आणि लिनेझोलिड ही जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातील राखीव औषधे दुसऱ्या वरिष्ठ डॉक्टरच्या सहीशिवाय औषधभांडारातून निघू नयेत, असे ठरवा. मात्र रात्रीच्या तातडीत पहिला डोस अडवू नका, सही सकाळी घ्या.

नातेवाइकांचा आग्रह हेही खरे कारण आहे. पावसाळ्यानंतर विषाणूमुळे होणाऱ्या डेंग्यूचे रुग्ण वाढतात, तेव्हा ‘चांगली सुई द्या’, म्हणजे प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्या, हा धोशा सुरू होतो. तेथे प्रमाण मराठीतल्या स्पष्टीकरणापेक्षा आमच्या सिस्टरचे ‘बापू, हाऊ ताप डेंग्यूना शे, त्याले ह्या सुईना उपयोग नही’ हे अहिराणीतले एक वाक्य अधिक काम करते, अर्थात त्यानंतर रुग्णाकडे दिवसातून दोनदा कोणीतरी फिरकले पाहिजे.

कोणत्या जंतूवर कोणते औषध चालते याचा स्वतःचा तक्ता ५० खाटांच्या रुग्णालयाला लगेच जमणार नाही, कारण त्यासाठी एका जंतूचे किमान ३० नमुने लागतात. तोपर्यंत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे वापरा आणि धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्र विभागाशी बोला. समिती नंतर नेमता येईल. पुढच्या आठवड्यात २० फायली काढा, प्रतिजैविकाचे कारण किती ठिकाणी लिहिलेले आहे आणि तिसऱ्या दिवशी त्याचा फेरविचार किती ठिकाणी झाला हे मोजा, आणि तो कागद, कोणाचेही नाव न घालता, आपले म्हणणे ऐकून घेतील अशा एका वरिष्ठांना एकांतात दाखवा.