पाडवा करून जर्मनीला निघताय, तर हे आधी वाच

तू लिहिलंस की नवऱ्याची स्टुटगार्टची नोकरी पक्की झाली आहे, १९ मार्चचा पाडवा सांगलीत विश्रामबागेत घरच्यांबरोबर करून तीन-चार दिवसांत निघायचं ठरतंय, मोठी साडेचार वर्षांची आहे आणि धाकटा दीड वर्षाचा. आणि विचारलंस, "ताई, तोवर तिकडची थंडी संपली असेल ना? आणि शाळा मिळेपर्यंत ही दोघं दिवसभर करणार काय?"

मी सांगलीच्याच गावभागातली. २०१७ च्या मार्चमध्ये तीन वर्षांच्या मुलीला घेऊन याच शहरात आले. धाकटा इथलाच, आता पाच वर्षांचा. त्यामुळे तुझे दोन्ही प्रश्न माझेच वाटले. सविस्तर लिहिते, सवडीने वाच.

थंडी संपलेली नसेल. मार्चअखेर दुपारी दहा-बारा अंश असतं, सकाळी दोन-तीन. एप्रिलमध्ये एकाच दिवशी ऊन, गारा, पाऊस आणि परत ऊन, असं सगळं होतं. आपला वळीव निदान दुपारभर उकडून, वारा सोडून, सांगून येतो. इथलं काही सांगता येत नाही. लोक गाड्यांचे हिवाळी टायर ईस्टर झाल्याशिवाय काढत नाहीत आणि बाल्कनीत टोमॅटोची रोपं १५ मेच्या आधी उघड्यावर ठेवत नाहीत, कारण मेच्या मध्यापर्यंत एखाद्या रात्री दहिवर गोठून रोप जळतं. तू कोथिंबीर पेरशील तेव्हा हे लक्षात ठेव.

पण या थंडीला घाबरून मुलांना घरात ठेवू नकोस. मी नेमकं तेच केलं होतं, आणि ते तीन आठवडे मला अजून सलतात. आपल्याकडे चैत्र लागला की मुलांना आत घ्यायची सवय असते. अकरा वाजले की दारं-खिडक्या लोटायच्या, पाच वाजेपर्यंत पत्ते, सापशिडी, पन्हं. उन्हाला भिऊन मूल सांभाळायचं हे आपल्या अंगातच भिनलेलं असतं. इथे आले आणि उन्हाच्या जागी थंडी ठेवून मी तेच करत राहिले. मुलगी काचेला नाक लावून खाली बघत बसायची. इथली मुलं हिवाळाभर त्यातल्या त्यात आत असतात आणि मार्च आला की बाहेर पडतात, पाऊस असो नाहीतर वारा. आपल्या मुलांनी त्याच वेळी बाहेर असायला हवं, कारण ओळखी तेव्हाच होतात. आयांच्याही.

चौथ्या आठवड्यात मी तिला घेऊन खाली गेले. तीन वाजले होते, तेव्हा बालवाड्या सुटतात आणि मैदान भरतं. इथल्या बऱ्याच मैदानांत वाळूच्या खड्ड्याला लागून हातपंप असतो, अगदी आपल्या वाडीवस्तीवरच्या हापशासारखा, फक्त मुलांच्या उंचीचा. एक मूल दांडा हापसत होतं, चार मुलं वाळूत पाट काढून पाणी पुढे नेत होती. बांध फुटला की ओरडा, परत वाळू आणायची, परत बांध. माझी लेक पांढरे बूट आणि लोकरीची पँट घालून कडेला उभी. दोन मिनिटांत ती पाटात बसली. मी तिला उचलायला धावले, तेवढ्यात शेजारच्या बाईंनी पिशवीतून एक पँट काढून माझ्या हातात दिली. जाड रबरी कापडाची, खांद्यावर पट्टे, तळव्याखालून इलॅस्टिक, आतून अस्तर. कपड्यांवरूनच चढवायची. भाषा मला येत नव्हती, त्यांनी हातानेच खूण केली. अर्ध्या तासाने ती पँट उतरवली तेव्हा बाहेरून चिखलाने माखलेली आणि आतली लोकर कोरडी. बोटं मात्र गाजरासारखी लाल झाली होती आणि लेक घरी यायला तयार नव्हती.

त्या पँटला माचहोझे म्हणतात. दोघांसाठी एकेक घे, आणि रबरी गमबूट. भारतातून जाडजाड स्वेटर आणू नका, बॅगा भरतात आणि उपयोग होत नाही. इथे कांद्याच्या पाकळ्यांसारखे कपडे घालतात: आत सुती, वर पातळ लोकर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. ऊन पडलं की एक थर काढायचा, ढग आला की चढवायचा. टोपी मेपर्यंत लागते. हे सगळं नवं घ्यायची गरज नाही. मार्चमध्ये बालवाड्या आणि चर्चची सभागृहं मुलांच्या जुन्या कपड्यांचे, खेळण्यांचे बाजार भरवतात. किंडरबाझार म्हणतात. तिथे दोन-तीन युरोत चांगलं जॅकेट मिळतं. इथे कोणी त्यात कमीपणा मानत नाही, मोठ्या पगाराची माणसंही येतात, तूही मानू नकोस.

आता दिवसाचं सांगते. तुम्ही पोचाल तेव्हा भारताशी साडेचार तासांचं अंतर असेल. पहिला आठवडाभर दोघं पहाटे तीनला टक्क जागी होतील आणि संध्याकाळी पाचला पेंगायला लागतील. जरा घडी बसते न बसते तोच मार्चचा शेवटचा रविवार येईल. तो यंदा २९ तारखेला आहे. त्या रात्री दोनचे तीन वाजतात, अंतर साडेतीन तासांवर येतं आणि संध्याकाळी पावणेआठपर्यंत उजेड राहतो. जूनमध्ये तर साडेनऊपर्यंत. मूल म्हणणार, "अजून दिवस आहे, झोपायचं कशाला?" खिडकीला बाहेरून गुंडाळायचं शटर आहे का, ते घर बघताना पाहून घ्या, त्याला रोलाडेन म्हणतात. ते ओढून घेतलं की अंधार होतो. आणि सकाळी दोघांना उजेडात बाहेर काढ, झोप त्याने लवकर जाग्यावर येते.

सकाळच्या वेळी धाकट्यासाठी रांगत्या मुलांचे गट असतात, क्राबेलग्रुपे. आया गोल करून बसतात, गाणी म्हणतात, मुलं एकमेकांची खेळणी ओढतात. तुला शब्द कळले नाहीत तरी टाळ्या वाजवता येतात. मोठीला आठवड्यातून एकदा ग्रंथालयात ने. माइलेंडर चौकातलं ते पांढरं चौकोनी ग्रंथालय २०११ मध्ये उघडलं, त्यात मुलांचा अख्खा मजला आहे. पावसाच्या दिवशी आम्ही तिथेच असायचो. दुपारी जेवण, झोप, आणि तीन वाजता मैदान. सुट्टीच्या दिवशी किलेसबेर्ग बागेत छोटी आगगाडी असते. आणि एप्रिलमध्ये एकदा तरी विल्हेल्मा प्राणिसंग्रहालयातली मॅग्नोलियाची झाडं बघा. पान एक नाही आणि सगळं झाड फुलांनी भरलेलं, आपल्याकडे पांगारा, पळस फुलतात तसं.

मैदानावर खाऊचा डबा नेतातच. सफरचंदाच्या फोडी, काकडी, आणि ब्रेत्सेल, म्हणजे इथला मीठ लावलेला गाठीच्या आकाराचा पाव. माझ्या मुलीच्या डब्यातले बेदाणे मात्र सगळ्यांनी मागून खाल्ले. तासगावचे बेदाणे दोन किलो तरी आण. हळद, मेतकूट, नाचणीचं सत्त्व, भडंगाचा मसाला, हे सगळं चालतं. पेढे, खवा, तूप आणू नका, बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना इथे आणता येत नाहीत. ओला कढीपत्ता आणि हापूसही बॅगेत नको, त्याला सरकारी प्रमाणपत्र लागतं. सासूबाई प्रेमाने घालतील, तूच आधी सांगून ठेव.

ईस्टर यंदा ५ एप्रिलला आहे. त्याआधीचा शुक्रवार आणि नंतरचा सोमवार सुट्टी, आणि रविवारी तर दुकानं एरवीही बंदच. गुरुवारी दूध, भाजी, डायपर भरून ठेव, नाहीतर ऐन वेळी पंचाईत होते. मुलांना रंगवलेली अंडी आणि चॉकलेटचे ससे झुडपांत लपवून शोधायला लावतात. शेजारी बोलावतील तर जरूर जा.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घे. मार्चपासून गवतात आणि झुडपांत गोचीड असते. आपल्याकडे गुरांच्या कानात दिसते तशी मोठी नाही, पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं. माझ्या मुलीच्या गुडघ्यामागे मला तीळ वाटला, आणि तिथे आधी तीळ नव्हता. रोज संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, मांडीच्या सांध्यात, कानामागे, केसांत बोटं फिरवून बघ. सापडली तर कातडीलगत बारीक चिमट्याने धरून सरळ ओढायची. तेल, रॉकेल काही लावायचं नाही. गोचिडीमुळे दोन आजार होऊ शकतात. एकात नंतरच्या आठवड्यांत चावल्याजागी लाल कडं पसरतं, तसं दिसलं तर डॉक्टरांकडे जायचं, औषधाने बरं होतं. दुसरा आजार मेंदूला सूज आणणारा, त्यावर लस आहे. आपला हा भाग त्या आजाराच्या जोखमीच्या यादीत येतो आणि लस एक वर्षापुढच्या मुलाला देतात, तीन डोस. बालरोगतज्ज्ञांकडे पहिल्याच भेटीत विचार.

एप्रिलमध्ये जंगलात लसणाच्या वासाची रानपालेभाजी उगवते, बेरलाउख. तिची थालीपिठं फार सुंदर होतात. पण पहिली दोन वर्षं ती बाजारातूनच घे. तिच्यासारखीच दिसणारी विषारी पानं शेजारीच उगवतात, आणि एकदा हाताला वास लागला की मग प्रत्येक पानाला तोच वास येतो.

शाळेचं. बालवाडीला इथे किटा म्हणतात. एक वर्षापुढच्या प्रत्येक मुलाला जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, पण जागा कमी आहेत. मोठी मुलं सप्टेंबरमध्ये पहिलीत जातात तेव्हाच बहुतेक जागा रिकाम्या होतात. म्हणजे मार्च ते सप्टेंबर दोघं तुझ्याजवळ असतील असं धरूनच चाल, आणि तुझ्या नोकरीची तारीख आत्ता कोणाला देऊ नकोस. एका ठिकाणी आम्हाला पाच महिने "तुम्ही यादीत आहात" असं सांगत राहिले आणि शेवटी कळलं, अर्ज नोंदवलेलाच नव्हता. मी त्या दिवशी रस्त्यात रडले. तू प्रत्येक अर्जाची लेखी पोच मागून घे. आणि लसीकरणाची कार्डं हातातल्या पर्समध्ये आण. गोवराची लस घेतल्याचा पुरावा दिल्याशिवाय किटात घेत नाहीत, मार्च २०२० पासून तसा कायदाच आहे. एक वर्षानंतर एक डोस, दोन वर्षांनंतर दोन.

जागा मिळाली तरी पहिल्या दिवशी मूल सोडून निघून यायचं नसतं. पहिले तीन दिवस तू तासभर तिथेच बसायचं. चौथ्या दिवशी काही मिनिटं बाहेर जाऊन बघायचं, मूल कसं राहतं. मग हळूहळू वेळ वाढवतात. याला काही आठवडे लागतात. बालवाडीच्या दारातून रडतं मूल आत ढकलून पाठ फिरवलेली मी, मला हे फार आवडलं. घाई करू नकोस.

कागदपत्रांचं थोडक्यात: राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवा. सरकारी आरोग्य विम्यात मुलांचे वेगळे पैसे पडत नाहीत. मुलांचा भत्ता यंदा जानेवारीपासून दर मुलामागे महिन्याला २५९ युरो आहे, पण मागचे पैसे सहाच महिन्यांचे मिळतात, तेव्हा अर्ज लांबवू नका.

भाषेची काळजी तू लिहिली आहेस. माझी मुलगी तीन महिने मैदानावर एक अक्षर बोलली नाही. मग एकदा झोक्यावर बसलेली असताना कोणीतरी तिला झोका दिला, झोका थांबला, आणि ती म्हणाली, "नोख माल!" म्हणजे, परत एकदा. तिथून सुरू झालं. घरी तुम्ही मराठीच बोला, ती जर्मन मैदानावरून आणेल.

आणि आजी-आजोबा. घड्याळ बदलल्यावर इथले सकाळचे आठ म्हणजे सांगलीत साडेअकरा. माझी आई त्या वेळी गच्चीत कुरडया घालत असते. एकदा फोनवर मुलीने पातेल्यातला चीक पाहिला आणि हट्टच धरला. मी गहू तीन दिवस भिजवले, मिक्सरमध्ये वाटले, गाळले, शिजवले. वाळवायला इथे ऊन कुठलं, पण आम्ही दोघी कढईशी बसून गरम चीक गूळ घालून खाल्ला आणि पलीकडे आई फोनमधून बघत होती. असे फोन रोज कर, मुलांना कामं दाखव, नुसतं "बोल, आजीशी बोल" म्हटलं की ती पळतात.

आता एक काम तुझ्याकडे. इथे मुलांचे कपडे उंचीच्या मापाने मिळतात, ९२ म्हणजे ९२ सेंटिमीटर. दोघांना भिंतीला उभं करून उंची मोज आणि त्यांची पावलं कोऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलीने कड आखून फोटो पाठव, शेजारी पट्टी ठेवून. या शनिवारी आमच्या भागात किंडरबाझार आहे. माचहोझे आणि गमबूट मी घेऊन ठेवते.