आमरीची कुंडी आणि तिचे पाणी: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांत ऑर्किडविषयीची, म्हणजे आमरीविषयीची, पत्रे बरीच होती. ती सगळी इंदुरातली असून बहुतेकांनी घरी पहिलेच झाड आणलेले आहे. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: दिवाळीत भेट म्हणून फॅलेनॉप्सिसचे झाड मिळाले. फुले गळल्यावर मी ते चिनी मातीच्या मोठ्या कुंडीत बागेतली काळी माती आणि शेणखत घालून लावले. तुळशीबरोबर त्यालाही रोज सकाळी पाणी घालते. आता पाने मऊ पडून सुरकुतली आहेत. पाणी कमी पडत असेल का?
(एक वाचक, रामबाग)

उत्तर: पाणी कमी पडलेले नाही, जास्त झाले आहे, पण लक्षण तहानेचेच दिसते आणि म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, व्हँडा या आपल्याकडे रोपवाटिकांत मिळणाऱ्या आमरी निसर्गात झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर वाढतात. त्या झाडाचा रस शोषत नाहीत, केवळ त्याचा आधार घेतात, आणि त्यांची मुळे बव्हंशी उघड्या हवेत असतात. मुळांवर मृत पेशींचे जाड, पांढुरके आवरण असते, ज्याला वेलामेन म्हणतात. पाऊस पडताच ते स्पंजासारखे पाणी टिपून घेते, मग वाऱ्याने वाळते आणि मुळाला पुन्हा मोकळी हवा मिळते. माळव्यातली काळी माती कापसाला आणि सोयाबीनला कितीही मानवली तरी ओली झाली की फुगते, चिकटते आणि तिच्यात हवेला जागा उरत नाही. त्या चिखलात मूळ गुदमरून कुजते, आणि कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नसल्याने कुंडी ओलीचिंब असतानाही पान सुरकुतते.

झाड आजच कुंडीतून काढावे आणि नळाच्या हलक्या धारेखाली सगळी माती धुवून टाकावी. नंतर एकेक मूळ चिमटीत दाबून पाहावे. जे टणक लागेल ते जिवंत आहे. जे पोकळ आणि तपकिरी झाले आहे, ज्याची साल निसटून आतला दोरा तेवढा हातात येतो, ते कापून टाकावे. कात्री आधी ज्योतीवर तापवून गार करून घ्यावी, कारण एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागतो तो पुष्कळदा तिच्यामार्फतच. झाड एक दिवस सावलीत उघडे ठेवून जखमा वाळू द्याव्यात.

लावणीसाठी पाइनच्या सालीचे सुमारे दीड सेंटिमीटरचे तुकडे, त्यांत थोडा लाकडी कोळसा (दगडी नव्हे) आणि हवे असल्यास नारळाच्या सोडणाचे तुकडे घ्यावेत. सोडणात क्षार असतात, म्हणून ते दोन दिवस भिजत घालून पाणी बदलत राहावे. कुंडी मुळे जेमतेम मावतील एवढीच निवडावी. कुंडी मोठी दिली की झाड मोठे होते हा समज आमरीच्या बाबतीत खरा नाही, कारण मुळे नसलेल्या जागेतली साल ओलीच राहते आणि कुजण्याची सुरुवात तिथून होते. पानांचा बुडखा सालीच्या वर राहिला पाहिजे. नवी मुळे धरेपर्यंत शेणखतच काय, कोणतेच खत देऊ नये.

प्रश्न: इंदूरच्या हवेत आमरीला किती दिवसांनी पाणी घालावे? आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, एरवी बोअरिंगचे वापरतो. दोन्ही चालते का?
(एक वाचक, सुदामानगर)

उत्तर: दिवस ठरवून पाणी घालण्याची सवयच सोडावी, असे मी सुचवीन. फॅलेनॉप्सिसचे मूळ ओले असताना हिरवे दिसते आणि वाळले की रुपेरी, करडे होते. म्हणून नवशिक्याने पहिले झाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या कुंडीत लावावे, म्हणजे अंदाज बांधावा लागत नाही. मातीच्या कुंडीत आत दिसत नसल्याने कुंडी उचलून तिचे वजन पाहावे किंवा सालीत लाकडी काडी खुपसून ती कोरडी निघते का ते तपासावे.

ऋतूप्रमाणे फरक मोठा पडतो. एप्रिल-मे महिन्यांत लू वाहते आणि पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सालीतले झाड दोन-तीन दिवसांत वाळते, तर टोपलीत काहीही न भरता टांगलेल्या व्हँडाला रोज पाणी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच ओल असल्यामुळे कुंडी लवकर वाळत नाही, आणि अशा वेळी ती गच्चीवर उघड्या पावसात ठेवली की कोवळी पाने सडतात. थंडीत रात्री पारा दहा अंशांच्या आसपास किंवा खालीही उतरतो; त्या काळात फॅलेनॉप्सिस घरात घ्यावे, ऊन वर आल्यावर सकाळीच पाणी द्यावे आणि दोन पाण्यांमधले अंतर आठ-दहा दिवसांपर्यंत वाढले तरी घाबरू नये. उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत ठेवलेली झाडे तरारतात, मात्र ती थेट झोतात नसावीत, आणि कूलरच्या टाकीतले पाणी त्यांना चुकूनही घालू नये, कारण बाष्प उडून गेल्यावर त्यात क्षार साठत जातात.

पाणी द्यायचे ते भरपूर द्यावे. चमचाभर पाणी रोज शिंपडल्याने वरची साल ओली दिसते आणि खालची मुळे तहानलेली राहतात. कुंडी दहा-पंधरा मिनिटे पाण्यात बुडवून पूर्ण निथळू द्यावी; रोगट झाडासाठी मात्र बादली वेगळी असावी. खालच्या बशीत पाणी साचू देऊ नये.

नर्मदेचे पाणी चांगले. १९७८ पासून नर्मदाकाठच्या जलूद गावाहून उपसून आणले जाणारे हे पाणी शहराला मिळते आणि त्यातल्या क्लोरीनची आमरीला विशेष बाधा होत नाही. बोअरिंगचे पाणी बेसाल्ट खडकातून येते आणि पुष्कळ ठिकाणी जड असते. सालीवर व कुंडीच्या काठावर पांढरा थर धरू लागला आणि मुळांची टोके काळी पडू लागली, तर ते पाणी निदान निम्मे तरी बदलावे: आरओचे शुद्ध पाणी मिसळावे (बाहेर टाकलेले नव्हे) किंवा पहिले एक-दोन पाऊस वाहू देऊन गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवावे. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने कुंडी सावकाश धुवून काढली की साचलेले क्षार निघून जातात. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम पुरे, आणि तेही साल आधी ओली केल्यावर, वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा.

प्रश्न: माझ्या डेंड्रोबियमच्या काड्या कुंडीच्या काठाबाहेर वाढल्या आहेत. कुंडी केव्हा बदलावी? मातीची घ्यावी की प्लॅस्टिकची?
(एक वाचक, लोकमान्य नगर)

उत्तर: बुडाशी नवा कोंब येऊन त्याला मुळांची टोके फुटू लागली की लगेच. हे सहसा थंडी सरल्यावर घडते. ऐन थंडीत कुंडी बदलल्यास नवी मुळे धरत नाहीत. कोंब आला नसला तरी जुनी साल भुगा झाली असेल, आणि सुमारे दोन वर्षांत ती होतेच, तर थंडी संपताच बदल करावा. सर्वांत जुनी काडी कुंडीच्या काठाला टेकवून नवा कोंब मोकळ्या जागेकडे राहील असे झाड बसवावे आणि काठीला घट्ट बांधावे. हलणाऱ्या झाडाची कोवळी मुळे घासून तुटतात. पाने गळालेल्या जुन्या काड्या मुळीच कापू नयेत. त्यांत पाणी आणि अन्न साठलेले असते, शिवाय त्यांवर फुलेही येऊ शकतात.

कुंडीचे म्हणाल तर ज्यांचा हात पाण्याच्या बाबतीत सैल आहे त्यांनी बाजूला भोके असलेली मातीची घ्यावी, कारण ती ओल बाहेर सोडते. ज्यांना दोन-दोन दिवस झाडाकडे पाहायला सवड नसते त्यांनी प्लॅस्टिकची घ्यावी. इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्याचा विचार करता माझा कल प्लॅस्टिककडे आहे. बदलल्यानंतर आठवडाभर सावली द्यावी, पाणी बेताचे ठेवावे आणि सकाळी पानांवर हलके फवारावे.

प्रश्न: फॅलेनॉप्सिसची मुळे कुंडीबाहेर लोंबू लागली आहेत. कापावीत का?
(एक वाचक, स्नेहलतागंज)

उत्तर: कापू नयेत. झाड निरोगी असल्याचेच ते लक्षण आहे. पाणी देताना त्यांवरही थोडे शिंपडावे, पण पानांच्या मधल्या बेचक्यात साचलेले पाणी कापसाने टिपून घ्यावे, नाहीतर शेंडा कुजतो आणि एकच शेंडा असलेल्या या झाडाची पुढची वाढ तिथेच थांबते. कुंडी बदलताना ही मुळे ओढून सालीत दडपू नयेत. हवेत वाढलेले मूळ ओल्या सालीत कोंडले की बहुधा कुजते, त्यामुळे ते बाहेरच राहू द्यावे.