लंडनच्या पहिल्या भुयारी रेल्वेत वाफेची इंजिनं होती, तर प्रवासी धूर कसा सहन करत?

खोकत खोकतच. १० जानेवारी १८६३ ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी सुमारे ६ किलोमीटरची मेट्रोपॉलिटन रेल्वे सुरू झाली. इंजिनातली वापरलेली वाफ बोगद्यात न सोडता पाण्याच्या टाकीत नेऊन थंड करायची, अशी सोय केलेली होती. पण त्याने वाफ कमी होई, जळणाचा धूर आणि गंधकाचा वास थोडाच जाणार? त्यामुळे पुढे मार्गावर जागोजागी हवेसाठी झरोके काढावे लागले.

बहुतेक मार्ग रस्ता खोदून, भिंती व कमान बांधून, वरून पुन्हा माती टाकून केलेला होता. म्हणजे तो फार खोल नव्हता, आणि हाच मोठा दिलासा. डबे लाकडी, आत गॅसचे दिवे, आणि तीन वर्ग.

एवढा त्रास असूनही पहिल्याच दिवशी तीस हजारांहून जास्त लोक बसले! वर रस्त्यांवर घोडागाड्यांची एवढी कोंडी असे की खालचा धूर परवडला. मला सगळ्यात मोलाची वाटते ती १८६४ पासूनची कामगारांची गाडी: भल्या पहाटे सुटणारी, भाडं अगदी कमी. त्यामुळे कामाच्या जागेपासून लांब राहणं मजुरालाही जमू लागलं. या रेल्वेसाठी वर्षानुवर्षं झटलेले चार्ल्स पिअर्सन मात्र ती सुरू होण्याच्या काही महिने आधीच वारले, याची फार हळहळ वाटते.

धुरातून खरी सुटका १९०५ च्या सुमारास, विजेच्या गाड्या आल्यावर झाली.