नोकरी सांभाळून घर बांधून विकायचंय? आधी एवढं बघा

कल्पना चांगली आहे, नक्की करा, पण पहिलं घर एकच आणि साधं. गिऱ्हाईक ठरलेलं नसताना बांधताय म्हणजे विकलं जाईपर्यंत कर्जाचं व्याज तुमच्याच खिशातून जाणार, आणि नवीन लोक इथेच अडकतात, बांधकामाचा खर्च अगदी खिळ्यापर्यंत मांडतात पण तयार घर सहा-आठ महिने पडून राहिलं तर हप्ता कुठून भरणार हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते आधी लिहा. शिवाय अचानक निघणाऱ्या खर्चासाठी बजेटच्या १० ते १५ टक्के बाजूला ठेवा, लागतातच.

- प्लॉटचं टायटल, म्हणजे मालकी हक्क, वकिलाकडून तपासून घ्या, रस्ता, पाणी, ड्रेनेज, परवानगी सगळं बघा. स्वस्त प्लॉट बहुतेक वेळा यातल्याच कशामुळे तरी स्वस्त असतो.
- त्या भागात घरं खरंच कितीला विकली गेली ते काढा, मागितलेले भाव नकोत. त्यातून व्याज, दलाली, नफा वजा करा, उरेल त्यात जमीन आणि बांधकाम बसलं पाहिजे, नसेल बसत तर सोडून द्या.
- आपल्या आवडीच्या महागड्या टाइल्स नकोत.

नोकरी आहे म्हणजे साइटवर रोज जाणारा भरवशाचा माणूस हवाच. कॉन्ट्रॅक्टरला पैसे काम होईल तसे द्या. टॅक्सचं, कंपनी काढायचं नंतर बोलू, आधी प्लॉट बघायला लागा.