पुण्यात रोज ऑफिसला जायला फोक्सवॅगनची जुनी पोलो जीटी टीएसआय घ्यावी की फियाटची अबार्थ पुंटो?

पोलो घ्या, पण 2020 पासून आलेली 1.0 लिटर इंजिनाचीच. त्याआधीच्या 1.2 लिटरच्या जीटी टीएसआयला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, आणि ते क्लच ड्राय, म्हणजे तेलात न बुडालेले. मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये त्याचे क्लच सतत घसरत, तापत राहतात, आणि क्लच किंवा मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा कंट्रोल भाग) गेलं की खर्च जिव्हारी लागतो. नव्या पोलोत त्याऐवजी टॉर्क कन्व्हर्टरचा (तेलाच्या प्रवाहातून ताकद पुढे देणारा) सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे, रोजच्या रडतखडत प्रवासाला तो कितीतरी सोसणारा. ताकद 110 पीएस (अश्वशक्ती), शहरात भरपूर.

अबार्थचं 145 पीएसचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन खरंच सुंदर आहे, घाटात तर पोलो तिच्या जवळपासही येत नाही! पण गाडी फक्त मॅन्युअल, आणि फियाटने 2019 मध्ये भारतातली विक्री थांबवल्यामुळे सुट्या भागांसाठी वणवण ठरलेली. बंपर किंवा हेडलाइट फुटला तर गाडी कितीतरी दिवस उभी राहू शकते.

मात्र घरात दुसरी गाडी असेल आणि फियाटची नस ओळखणारा मेकॅनिक हाताशी असेल, तर अबार्थच घ्या. दोन्हींत सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण हवा, आणि इंजिन रिमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला सॉफ्टवेअर बदललेली गाडी नकोच.