गोड्या पाण्यातली युद्धनौका

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना पेनसिल्व्हेनियातील ईरी मेरिटाइम म्यूझियममध्ये एका जुन्या लोखंडी युद्धनौकेची फक्त नाळ (पुढचे टोक) जपून ठेवलेली पाहिली. सरोवरात युद्धनौकेचे काय काम असे, आणि तिची नाळच तेवढी का उरली?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण पाहिलेली नाळ ‘मिशिगन’ची, म्हणजे अमेरिकी आरमाराच्या पहिल्या लोखंडी युद्धनौकेची आहे. ईरी सरोवराचा पलीकडचा काठ तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यातील कॅनडाचा होता. १८३७ मध्ये तेथे बंड झाल्यावर ब्रिटिशांनी सरोवरावर सशस्त्र आगबोटी आणल्या आणि अमेरिकेने त्याला उत्तर म्हणून ही नौका बांधायला घेतली. तिचे भाग पिट्सबर्गमध्ये तयार करून ईरीला आणले व तेथे जोडले. ५ डिसेंबर १८४३ रोजी पाण्यात सोडताना मात्र ती उतरणीवर मध्येच अडली. खटपट करून थकलेले कामगार रात्री घरी गेले आणि सकाळी येऊन पाहतात तो नौका आपली आपण उतरून सरोवरात तरंगत होती!

अमेरिका व ब्रिटन यांच्यातील १८१७ च्या रश-बॅगट करारानुसार या सरोवरांवरील नौकेस १८ पौंडी गोळ्याची एकच तोफ ठेवता येई. ब्रिटिशांनी त्यावर बोट ठेवल्यामुळे ‘मिशिगन’ला एकाच तोफेवर समाधान मानावे लागले. करारातील १०० टनांची मर्यादा तिने कितीतरी ओलांडली होती, ही गोष्ट वेगळी.

दोन्ही अंगांच्या चाकांनी पाणी कापत तिने पुढे जी कामे केली, ती लढाईपेक्षा पोलिसी बंदोबस्ताचीच अधिक होती. बीव्हर बेटावर स्वतःला राज्याभिषेक करवून घेतलेल्या जेम्स स्ट्रँग या धर्मपंथीय नेत्याला तिने १८५१ मध्ये खटल्यासाठी डेट्रॉइटला नेले. प्रजासत्ताकाच्या आरमाराला ‘राजा’ पकडण्याचा योग क्वचितच येत असेल. तो निर्दोष सुटला, पण १८५६ मध्ये याच नौकेवर येत असताना धक्क्यावर त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि मारेकरी धावत जाऊन चढले तेही हिच्यावरच. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात तिने जॉन्सन बेटावरील युद्धकैद्यांच्या छावणीवर पहारा दिला. १८६४ मध्ये तिलाच ताब्यात घेण्याचा दक्षिणेकडील हस्तकांचा कट उधळला गेला. १८६६ मध्ये कॅनडावर चढाई करून परतणाऱ्या शेकडो फेनियनांना (आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या आयरिश बंडखोरांना) तिने नायगारा नदीत अडवून धरले.

१९०५ मध्ये ‘मिशिगन’ हे नाव नव्या युद्धनौकेसाठी राखून हिचे नाव ‘वुल्व्हरिन’ ठेवण्यात आले. १९१२ नंतर ती पेनसिल्व्हेनियाच्या नौदल मिलिशियाकडे (राज्याच्या राखीव नौदलाकडे) होती. ऑगस्ट १९२३ मध्ये इंजिनाचा कनेक्टिंग रॉड तुटला आणि तिची फिरती कायमची थांबली. पुढे ईरीच्या बंदरात ती गंजत पडून होती. तिला वाचवण्यासाठी पुरेसा पैसा उभा राहिला नाही व १९४९ मध्ये ती भंगारात निघाली. नाळ तेवढी बाजूला काढून शहरातील उद्यानात उभारली गेली आणि १९९८ मध्ये ती आपण पाहिली त्या संग्रहालयात आली.