आरोपीच्या वकिलाने सरकारी वकील व्हावे का?

न्यायालयात चार-सहा वर्षे काढलेले तरुण वकील माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक चिंता वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा पुढे येते. इतकी वर्षे आपण आरोपींच्या बाजूने उभे राहिलो. आता सहायक सरकारी अभियोक्ता पदासाठी अर्ज केला तर मुलाखतीत आपल्याला कोण दारात उभे करील, आणि निवड झालीच तर ते काम आपल्या हातून होईल का? या प्रश्नाला कोरडे उत्तर देण्यापेक्षा, सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या एका तरुणीची हकिगत तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत बदलून येथे मांडते.

त्यांची वकिलीची सनद २०१८ ची. तेव्हापासून त्या फौजदारी कामे करणाऱ्या एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली होत्या. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने या पदाच्या ५४७ जागांची जाहिरात काढली, तेव्हा पाच वर्षांच्या वकिलीची अट त्यांची पूर्ण होत नव्हती, म्हणून त्यांनी पुढच्या जाहिरातीची वाट पाहायचे ठरवले. माझ्याकडे आल्या तेव्हा सनदेला सात वर्षे होऊन गेली होती आणि नेमका त्याच वेळी त्यांचा धीर सुटला होता. अट पूर्ण होत नव्हती तोवर तिचा आडोसा होता. तो आडोसा गेल्यावर प्रश्न उघड्यावर आला.

“मॅडम, एखाद्याला शिक्षा व्हावी म्हणून मी उभी राहू शकेन असे मला वाटत नाही,” हे त्यांचे पहिल्या भेटीतील वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले. त्याला जोडून घरच्यांचे म्हणणे होते की, ही पदे ओळखीपाळखीने मिळतात आणि सरकार बदलले की जातात.

घरच्यांचे म्हणणे आधी निकालात काढणे सोपे होते. ‘सरकारी वकील’ हा शब्द आपण दोन निरनिराळ्या पदांसाठी वापरतो. सत्र न्यायालयात खटले चालवणारे अभियोक्ते किमान सात वर्षे वकिली केलेल्यांमधून, जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून तयार केलेल्या नामिकेतून, म्हणजे नावांच्या यादीतून, सरकार नेमते, आणि त्या नेमणुका मुदतीच्या असतात. सहायक सरकारी अभियोक्ता मात्र आयोगाच्या निवडीतून येतो, अभियोग संचालनालयाच्या कायम सेवेत असतो आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात सरकार पक्षाचे काम पाहतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, पहिल्याचे कलम १८ आहे आणि दुसऱ्याचे १९. नोकरी धरली की पुढे जिल्हा न्यायाधीश होण्याची वाट बंद होईल, ही वडिलांची भीतीही निराधार होती. पूर्णवेळ अभियोक्ता त्या निवडीसाठी वकीलच गणला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दीपक अग्रवाल खटल्यात स्पष्ट केले आहे.

शिक्षेविषयीच्या त्या वाक्याला मात्र वेळ द्यावा लागला. मी स्वतः वकील नाही, त्यामुळे अशा वेळी एका निवृत्त अभियोक्त्यांना सराव मुलाखतीसाठी बोलावते. त्यांची पद्धत अशी की, पाठांतराचा प्रश्न ते विचारतच नाहीत. त्यांनी समोर एक प्रसंग ठेवला: साध्या चोरीचा गुन्हा, कमाल शिक्षा तीन वर्षे, आरोपी तरुण, पहिलाच गुन्हा, दुसरा कोणताही खटला प्रलंबित नाही, जामीनदार न मिळाल्याने तेरा महिने तुरुंगात, आणि पोलिसांच्या टिपणात ‘जामिनास तीव्र विरोध आहे’ असा ठरावीक मजकूर. जामीन अर्जावर सरकार पक्षाचे म्हणणे, म्हणजे ज्याला न्यायालयाच्या आवारात सगळे ‘से’ म्हणतात, ते तुम्ही काय लिहाल?

त्या तरुणीने विरोधाची चार कारणे सफाईने सांगितली. आरोपी पळून जाईल, साक्षीदारांवर दबाव आणील, वगैरे.

“आणि तुम्ही आरोपीकडून असता तर?”

क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आले. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचे असते, तीन वर्षांचा तिसरा हिस्सा एक वर्ष, आणि ते तर उलटून गेले आहे, खरे तर तुरुंग अधीक्षकांनीच न्यायालयाला लेखी कळवायला हवे होते. बोलता बोलता त्या थांबल्या, कारण आपण आधी काय सांगितले ते त्यांच्या ध्यानात आले होते.

निवृत्त अभियोक्ते एवढेच म्हणाले, “सरकारी वकिलाने हे कलम विसरायचे असते, असे तुम्हाला कोणी सांगितले?”

मला वाटते, या व्यवसायात शिरू पाहणाऱ्या बहुतेकांची खरी अडचण येथे आहे. आपण समोरच्या सरकारी वकिलाला रोज विरोध करताना पाहिलेले असते आणि विरोध हेच त्या पदाचे काम आहे असे गृहीत धरलेले असते. त्या समजाला इतिहासाचाही आधार आहे. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता येण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात पोलीस खात्याचेच अभियोक्ते काम पाहत, आणि ती संहिता आल्यानंतरही आपल्या राज्यात सहायक अभियोक्त्यांवर पोलीस खात्याचे प्रशासकीय नियंत्रण राहिले होते. ते दूर करून त्यांचा स्वतंत्र संवर्ग करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १९९५ साली शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात द्यावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी हितेंद्र ठाकूर खटल्यात, अभियोक्ता हा तपास यंत्रणेचा भाग नाही आणि त्याने स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायचा असतो, हे त्या न्यायालयाने सांगितलेच होते. कायदा असा असला तरी रोजच्या ‘से’ मधील ठरावीक वाक्ये सहजी बदलत नाहीत, हेही खरे. त्याबद्दल मी माझ्याकडे येणाऱ्यांना भाबडी आशा दाखवत नाही. दिवसाला ढीगभर प्रकरणे समोर असताना टिपणातील मजकूर उतरवून देणे सोपे असते.

दुसऱ्या भेटीत त्यांनी आपणहून एक प्रसंग सांगितला. विवाहित स्त्रीच्या छळाच्या एका खटल्यात त्या आरोपी नवऱ्याच्या बाजूने होत्या. साक्षीच्या दिवशी फिर्यादी बाई व्हरांड्यात एकटीच बसलेली होती. काळा कोट पाहून ती यांच्याजवळ आली आणि म्हणाली, “ताई, आज माझी साक्ष आहे. माझा वकील कोण, ते कोणाला विचारायचं?” या तिच्या विरुद्ध बाजूच्या, काही बोलणे योग्य नव्हते. त्यांनी पैरवीच्या, म्हणजे न्यायालयात पोलिसांचे काम पाहणाऱ्या, हवालदाराकडे बोट दाखवले आणि आत गेल्या. तासाभराने सरतपासातच, म्हणजे सरकारी वकिलांच्याच प्रश्नांना उत्तरे देताना, बाई गोंधळली, तिला फितूर ठरवले गेले, आणि उलटतपासाची जी तयारी यांनी रात्रभर केली होती तिची गरजच उरली नाही. “आम्ही जिंकलो,” त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ गप्प राहिल्या.

मी त्यांना विचारले की, त्या दिवशी सरकारी वकील तुम्ही असता तर काय केले असते? साक्षीदाराला पढवणे गैर आहे, हे त्या जाणून होत्या. पण साक्षीपूर्वी तिचाच पोलिसांपुढचा जबाब तिला शांतपणे वाचून दाखवणे, पिंजऱ्यात कोण काय विचारील याची कल्पना देणे आणि ‘आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा’ एवढे सांगणे गैर नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितले. सांगताना त्या पहिल्यांदाच ‘मी करीन’ असे बोलत होत्या. शिक्षा व्हावी म्हणून उभे राहण्याचा प्रश्न मी त्यानंतर काढला नाही, त्यांनीही नाही. मुलाखतीत ‘हे पद का हवे’ असे विचारले तर समाजसेवेची भाषा टाळून हा व्हरांडा सांगा, एवढीच सूचना मी केली.

मग तिसरी अडचण बाहेर आली, जी मला वाटते पहिल्यापासून मुख्य होती. वकिलीच्या वर्षांचा पुरावा द्यायचा तर वकीलपत्रावर नाव ज्येष्ठांचे, न्यायालयाच्या रोजनाम्यात उल्लेख ज्येष्ठांचा, आणि उलटतपास यांनी घेतला तरी कागदावर त्याची खूण नाही. प्रमाणपत्रासाठी ज्येष्ठांपुढे जायचे म्हणजे त्यांना सोडून जात असल्याचे सांगायचे, शिवाय ते थेट समोरच्या बाकावर. ओळखीतल्या दुसऱ्या एका वकिलाने, न चालवलेल्या खटल्यांसह ‘मजबूत’ प्रमाणपत्र देण्याची तयारी दाखवली होती. त्याला मी स्पष्ट नकार द्यायला सांगितले. पकडले जाण्याची भीती तर होतीच. पण मुलाखतीत त्यातील एका खटल्याविषयी प्रश्न आला तर काय, या साध्या प्रश्नालाही त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

त्याऐवजी आम्ही यादी करायला घेतली. सात वर्षांच्या डायऱ्या काढल्या. ज्या प्रकरणांत त्यांची स्वतःची सही असलेला अर्ज दाखल आहे ती वेगळी, ज्यांत वकीलपत्रावर त्यांचेही नाव आहे ती वेगळी, आणि ज्यांत प्रत्यक्ष काम त्यांचे पण कागद निःशब्द, ती वेगळी. पहिल्या दोन गठ्ठ्यांच्या प्रमाणित नकला काढायच्या. तिसऱ्याचा पुरावा म्हणून उपयोग नाही, पण मुलाखतीत बोलायला तोच सर्वांत मोलाचा. अभ्यासाचा भाग तुलनेने सरळ होता. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे आले तरी त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागू असल्याने जुनी आणि नवी कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागणार होती, आणि ते त्यांना न्यायालयात रोजच करावे लागत होते.

ज्येष्ठांशी बोलायला त्यांनी तीन आठवडे लावले. शेवटी एका शनिवारी कार्यालयात पक्षकार नसताना त्यांनी ती यादीच पुढे ठेवली. ज्येष्ठांनी चष्मा लावून ती पहिल्यापासून वाचली, जाण्याविषयी एक शब्दही काढला नाही, खिशातले पेन काढले आणि तळाशी दोन खटल्यांचे क्रमांक लिहिले. “हे दोन विसरलीस,” ते म्हणाले, “यांत वकीलपत्रावर तुझं नाव आहे. नकलेचे अर्ज सोमवारी टाक.”